देवाचे बोलावणे, पाचारण आणि आमच्या घरातला धाकटा

बेंबळाकाठ | रविवार, रात्री ९.१०

सर्वांना जय ख्रिस्त.

मी यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावी राहतो आणि शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या गावात ख्रिस्ती घरे अकरा आहेत. पाळकसाहेबांकडे अशा पाच मंडळ्या असल्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवारी येऊ शकतात. उरलेल्या रविवारी आमच्यापैकीच कोणीतरी वचन वाचतो, कोणीतरी प्रार्थना करतो आणि उपासना पार पडते.

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. बारावीनंतर त्याने शिक्षण सोडले आणि तो वडिलांबरोबर सात एकर पाहू लागला. आज घरची पऱ्हाटी आणि तूर त्याच्याच अंगावर आहे, कारण वडिलांचे गुडघे गेले आहेत आणि मी शाळेतून येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. मागच्या रविवारी जेवताना तो म्हणाला, "मला देवाचे बोलावणे आले आहे." आजीच्या हातातला घास हातातच राहिला. आपल्या भाषेत देवाचे बोलावणे कोणाला येते आणि देवाज्ञा कोणाला होते, हे काही वेगळे सांगायला नको. पोराच्या छातीत काहीतरी निघाले आणि डॉक्टरांनी तसे सांगितले, अशीच तिची समजूत झाली. त्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचे शिक्षण घ्यायला, जायचे आहे एवढाच अर्थ असल्याचे कळल्यावर ती आधी हसली आणि मग रडली. वडील काही न बोलता उठून गोठ्याकडे गेले, ते बैलांना कडबा टाकून झाला तरी बराच वेळ परतले नाहीत.

मला त्याला अडवायचे नाही. परंतु बोलावणे म्हणजे नेमके काय, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही असे माझ्या लक्षात आले. ते कानाला ऐकू येते की मनाला? ते पाळक आणि मिशनरी होणाऱ्यांनाच येते का? मी पंधरा वर्षे पहिली-दुसरीची मुले एकत्र बसवून शिकवतो आहे, त्याला कोणी पाचारण म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आणि भावाचे पाचारण खरे आहे की तो सोयाबीन-कापसाच्या भावाला कंटाळलेला आहे, हे त्याने, आम्ही आणि मंडळीने ओळखावे कसे? जाणत्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

धुऱ्यावरची_बाभूळ | रविवार, रात्री ९.५२

गुरुजी, मला वाटते की अर्धा घोटाळा 'पाचारण' या शब्दानेच केला आहे. हा शब्द आपण दोनच ठिकाणी वाचतो, एक पवित्र शास्त्रात आणि दुसरा वर्तमानपत्रात, जिथे आग लागली की अग्निशामक दलाला पाचारण करण्यात येते. त्यामुळे पाचारण म्हटले की काहीतरी मोठे पेटले पाहिजे आणि घंटा वाजल्या पाहिजेत, असे मनात बसते.

आमच्या वऱ्हाडात कोणी कोणाला पाचारण करीत नाही, आवाज देतो. शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाला या धुऱ्यावरून आवाज दिला, तर तो आधी "ओ" म्हणतो आणि मग इकडे चालत येऊन काम काय ते विचारतो. काम ऐकून घेऊन मग "ओ" द्यायची की नाही हे ठरवणारा गडी मी अजून पाहिलेला नाही. आपल्या भावाला कोणते काम सांगितले गेले आहे यावर घरात चर्चा चालली आहे. आवाज कोणाचा आहे हे त्याने ओळखले आहे का, हे आधी विचारावे.

निवृत्त_पाळक | सोमवार, पहाटे ५.३५

गुरुजी, आपला प्रश्न रात्रीच वाचला होता, पण रात्री उत्तर लिहिले की ते प्रवचन होते, म्हणून सकाळची वाट पाहिली. तरीही ते लांबले तर म्हाताऱ्याला क्षमा करावी.

वरील बंधूंनी जे शेताच्या भाषेत सांगितले तेच नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही आहे. 'कालेओ' म्हणजे बोलावणे, हाक मारणे, जेवायला आमंत्रण देणे, नाव ठेवणे. हे रोजच्या वापरातले साधे क्रियापद आहे. त्याच्यापासून 'क्लेसिस' हे नाम झाले, ज्याला आपण पाचारण म्हणतो, आणि मंडळीसाठी जो 'एक्लेसिया' शब्द आहे त्याच्याही पोटात हेच क्रियापद आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत पौल स्वतःला बोलावलेला प्रेषित म्हणवतो, आणि पुढच्या पाच-सहा वचनांत तोच शब्द पत्र वाचणाऱ्या सर्व साध्या माणसांसाठी वापरतो. त्यांत कोणी गुलाम असतील, कोणी घरकाम करणाऱ्या स्त्रिया असतील. त्यांपैकी कोणीही सेमिनरीत गेलेले नव्हते. ख्रिस्ती माणसाचे पहिले पाचारण कामाकडे नसून ख्रिस्ताकडे आहे, आणि ते आपल्या अकरा घरांतल्या प्रत्येकाला झालेले आहे. आपल्या आजींनाही ते झालेले आहे, त्यांना तो शब्द लागू पडतो हे कोणी सांगितले नसेल एवढेच.

त्यानंतर विशिष्ट कामासाठी होणारे बोलावणे येते, आणि ते नाही असे मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः त्याच वाटेने गेलो. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्या यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. मी तिथे शिकत असताना ईशान्येकडची, केरळची, आंध्राची मुले यवतमाळच्या उन्हात येऊन पडत आणि रात्री वसतिगृहात प्रत्येक जण आपापल्या पाचारणाची हकिकत सांगे. एकाला स्वप्न पडले होते, एकाला तापात आवाज ऐकू आला होता. माझी पाळी आली की मला लाज वाटे, कारण मला काहीच ऐकू आले नव्हते. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पंचाने तीन वेळा मला सांगितले होते की, "तू वाचतोस तेव्हा मला वचन समजते, तू हे शिकून ये". पहिल्या दोन वेळा मी टाळले आणि तिसऱ्या वेळी टाळता आले नाही.

पुढे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नीट वाचला तेव्हा ती लाज गेली. लहान शमुवेलाला खरोखर आवाज ऐकू येतो, आणि तरीही तो तीनदा चुकीच्या माणसाकडे धावत जातो. तो आवाज परमेश्वराचा आहे हे कोण ओळखतो? डोळ्यांनी अधू झालेला म्हातारा याजक एली, ज्याच्या स्वतःच्या घराची घडी विस्कटलेली आहे. एवढेच नव्हे, तर त्या रात्री मुलाला मिळणारा निरोप एलीच्याच घराविरुद्ध आहे. ज्याला त्या बोलावण्याने तोटा होणार होता त्यानेच ते ओळखून दिले, ही गोष्ट मला आजही थांबवते. आपल्या घरात एलीच्या जागी वडील आहेत, गुरुजी. ते गोठ्यात इतका वेळ कशाला बसले असतील याचा विचार करावा.

त्याच अध्यायात, एवढी मोठी रात्र संपल्यावर शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो आणि उठून परमेश्वराच्या घराची दारे उघडतो, असे वाक्य आहे. ते त्याचे रोजचेच काम होते.

तीनचाकी | सोमवार, दुपारी १.२०

मी इथे सहसा फक्त वाचतो, पण या विषयावर गप्प राहणे बरे दिसणार नाही, कारण मी हात वर केलेला माणूस आहे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या भागात तीन रात्रींची सभा झाली. शेवटच्या रात्री दिवे मंद करून, पेटीवर हळू चाल वाजवत वक्त्याने विचारले की पूर्णवेळ सेवेसाठी कोण पुढे येतो. मी बारावीत नापास झालो होतो, वडिलांचे कर्ज होते, आणि माझा हात वर गेला. सहा महिन्यांत मी एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात होतो. राहणे-जेवणे फुकट होते आणि वर थोडे पैसे मिळत. केंद्राचे नाव घेत नाही; तिथे चांगली माणसेही होती. परंतु तिथे वर्षातून दोनदा फोटो काढून माझी साक्ष इंग्रजीत लिहून घेतली जाई, आणि दर वेळी तिच्यात मी आधीपेक्षा थोडा जास्त पापी आणि थोडा जास्त गरीब होत असे. दोन वर्षांनी पैसे यायचे थांबले, केंद्र बंद झाले आणि मी घरी आलो. गावात लोकांनी विचारले, "काय रे, देवाने परत पाठवले का?" आज मी ऑटो चालवतो.

त्या रात्री देवाने मला बोलावलेच नव्हते, असे मी आजही म्हणत नाही. बोलावले असेल. परंतु "माझ्याकडे ये" आणि "अमुक संस्थेत भरती हो" ही दोन वाक्ये त्या मांडवात एकाच दमात उच्चारली गेली, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला ती वेगळी करता आली नाहीत. गुरुजी, भावाला एवढेच विचारा की फुकट वसतिगृह नसते, फोटो नसते आणि पाळकाच्या नावामागे लागणारा 'साहेब' नसता, तरी त्याला जायचे असते का. विचारताना आवाज चढवू नका. मला हे कोणी विचारलेच नाही.

संत्राबाग | सोमवार, रात्री ८.०५

मी कॅथलिक आहे, वरुड तालुक्यातला. आमचा धर्मप्रांत अमरावतीचा. आमच्याकडची पद्धत वेगळी असल्यामुळे ती सांगतो, कदाचित उपयोगी पडेल.

आमच्यात पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार, म्हणजे उत्तम मेंढपाळाचा रविवार, १९६४ पासून जगभर याच प्रार्थनेसाठी राखून ठेवलेला आहे की धर्मगुरू आणि धर्मभगिनी होण्याच्या हाकेला तरुणांनी ओ द्यावी. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण यासाठी दिले की पवित्रतेचे बोलावणे सर्वांना आहे, विवाहित माणसाला आणि कष्टकऱ्यालाही. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हे मला अर्थपूर्ण वाटते. आमच्या आईवडिलांच्या पिढीत मात्र 'बोलावणे' म्हणजे फादर नाहीतर सिस्टर, आणि लग्न झाले म्हणजे बोलावणे हुकले, असाच समज होता.

माझा मोठा भाऊ नागपूरला सेमिनरीत गेला. ज्या टेकड्यांना सगळे नागपूर सेमिनरी हिल्स म्हणते, ते नाव त्या सेमिनरीवरूनच पडले आहे, हे तिथे फिरायला जाणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते. आमच्यात हे शिक्षण अनेक वर्षांचे असते. तत्त्वज्ञान, मग मध्ये प्रत्यक्ष कामाचा काळ, मग ईशज्ञान. आणि या सगळ्या वर्षांत शिकवणारे मुलाला पारखतात आणि मूल स्वतःला पारखते. भाऊ पाचव्या वर्षी परत आला. आईने त्या दिवशी पुरण शिजवले. तिचे म्हणणे होते की त्याने देवाला विचारले आणि देवाने उत्तर दिले, यात रडण्यासारखे काय आहे? तीनचाकी यांचा प्रतिसाद वाचून मला तो दिवस आठवला. परत येणाऱ्याला घरात घ्यायची रीत ज्या समाजात नसते, तिथे जाणारा खोटे बोलायला शिकतो.

आणखी एक गोष्ट. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराचे नाव पुकारले जाते आणि तो पुढे येऊन "हजर" म्हणतो. मग बिशप विचारतात की हा माणूस योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि लोकांकडे चौकशी केल्याचे सांगून उत्तर दिले जाते. आतून कितीही मोठा आवाज आला तरी ख्रिस्तसभेने बाहेरून नाव पुकारल्याशिवाय ते बोलावणे पुरे होत नाही.

बेंबळाकाठ | सोमवार, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. "हजर" वाचून मला हसू आले, कारण मी रोज सकाळी तेहतीस वेळा हा शब्द ऐकतो. हजेरी घेताना नाव मी घेतो, पण मूल वर्गात आधीच येऊन बसलेले असते.

तीनचाकी, आपण हे लिहिलेत यासाठी मनापासून आभारी आहे. आपला प्रश्न मी भावाला आज संध्याकाळी धुऱ्यावर बसून विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "साहेब म्हणतील हे मला आवडेल, खोटं कशाला बोलू." पुढे तो म्हणाला की ज्या दोन रविवारी पाळकसाहेब येत नाहीत, त्या रविवारी शेवटच्या बाकावरची म्हातारी माणसे वचन संपायच्या आत उठून जातात, कारण वाचणाऱ्याला अर्थ सांगता येत नाही, ते त्याला पाहवत नाही. मला आता या उत्तराचे काय करावे ते कळत नाही.

वाशीमची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७.१५

रात्रपाळी संपवून लिहिते आहे, चुका सांभाळून घ्याव्यात. मी परिचारिका आहे. 'सिस्टर' म्हटल्यावर वरच्या कॅथलिक दादांचा गैरसमज होऊ नये म्हणून खुलासा केला.

गुरुजी, या धाग्यावर आतापर्यंत मुलगा, वडील, पंच, बिशप सगळे आले. आई आली ती पुरण शिजवायला. आपल्या घरी बोलावण्याच्या गोष्टीत बाईचे स्थान एवढेच असते का? माझी आजी बायबल बाई होती. एका खांद्यावर पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि खरजेचे मलम, असे घेऊन ती चाळीस वर्षे पायी गावे फिरली. तिला कोणी दीक्षा दिली नाही, तिच्या डोक्यावर कोणी हात ठेवला नाही, आणि मंडळीच्या जुन्या दप्तरात तिची नोंद फक्त पगाराच्या रकान्यात सापडते. आता उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळते, हे चांगले झाले. परंतु आपल्या गावातल्या अकरा घरांतली एखादी मुलगी जेवताना "मला बोलावणे आले" म्हणाली असती, तर आपण धागा काढला असता की स्थळ पाहिले असते?

दुसरे असे की एकाच्या बोलावण्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो, हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर, रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला, ही गोष्ट आपण प्रत्येक सभेत ऐकतो. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हेही ऐकतो. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, त्या काळात त्यांच्यावर काय गुदरले, हे सभेत कोणी सांगत नाही. त्या पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतः विचार करून ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याला आलेल्या हाकेला त्यांनी परस्पर ओ दिली नाही. मी नवऱ्याच्या हाकेला किंवा भावाच्या हाकेला आपोआप बांधले जाणाऱ्या बायका रोज वॉर्डात पाहते, म्हणून हे लिहिले. आपला भाऊ गेला तर वेचणीच्या दिवसांत बायांना आवाज द्यायला, काटा करायला आणि वडिलांना दवाखान्यात न्यायला कोण असेल? माझा अंदाज आहे की ती आपली पत्नी असेल. तिला कोणी विचारले आहे का?

बेंबळाकाठ | मंगळवार, सकाळी ७.४०

नाही, ताई. विचारले नाही.

निवृत्त_पाळक | मंगळवार, दुपारी ३.००

सिस्टरताईंनी आम्हा सर्वांचे कान धरले ते योग्यच झाले.

गुरुजींच्या मूळ प्रश्नातला एक भाग राहून गेला होता, की शिकवणे हे पाचारण आहे का. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो की ज्याला ज्या स्थितीत बोलावले गेले त्याने त्या स्थितीत राहावे. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने या विचाराला मोठा जोर दिला. १५२० मध्ये त्याने लिहिले की चांभार, लोहार, शेतकरी यांचे काम वेगवेगळे असले तरी ते सर्व सारखेच अभिषिक्त याजक आहेत. आणि ज्या जर्मन शब्दाने तो पाचारण सांगतो, त्या 'बेरूफ' शब्दाचा आज तिथे सरळ अर्थ धंदा किंवा व्यवसाय असा होतो. आपल्या नागपूरचा दाखला घ्यायचा तर स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून आले ते सुवार्तेसाठी. पण त्यांनी शाळा काढली, गोंडांच्या भाषेच्या आणि चालीरीतींच्या नोंदी केल्या, नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा केले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. देवाने बोलावले होते ते प्रवचनाला आणि दगडांचा फक्त छंद होता, अशी वाटणी मला तरी करता येत नाही. म्हणून गुरुजी, पहिली-दुसरीची तेहतीस मुले हे आपले पाचारण आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

तीनचाकी | मंगळवार, दुपारी ४.१०

पाळकसाहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक हरकत घेतो. "ज्याने त्याने आपल्या स्थितीत राहावे" हे वाक्य जर्मनीत कसे ऐकू येते ते मला ठाऊक नाही, पण विदर्भातल्या गावकुसाबाहेर ते कसे ऐकू येते ते मला ठाऊक आहे. आमच्या पणजोबांना पिढ्यान्पिढ्या हेच सांगितले गेले होते, की तुझे काम जन्माने ठरले आहे आणि ते करीत राहणे हाच तुझा धर्म आहे. त्यांनी ख्रिस्ताचा आवाज ऐकला तेव्हा त्यांना पहिली गोष्ट समजली ती ही, की इथून उठता येते. ल्यूथरचा चांभार आणि आमच्या गावचा चांभार यांत फरक आहे, तेवढा सोडून हे वचन सांगू नये.

निवृत्त_पाळक | मंगळवार, सायंकाळी ६.२५

हरकत मान्य आहे, आणि ती मी स्वतःच घ्यायला हवी होती. त्याच अध्यायात पुढच्याच वचनात पौल गुलामाला सांगतो की तुला मोकळे होता येत असेल तर ती संधी घे. ते वचन सोडून आधीचे एकटेच सांगणे हा अपराध आहे, आणि चाळीस वर्षांच्या सेवेत तो माझ्या हातून घडला असेल. आपण ज्या स्थितीत आहोत ती देवाने नेमलेली आहे असे पौलाचे म्हणणे नाही. त्या स्थितीतही देवाचा आवाज पोहोचतो आणि आपण तिच्यातून उठेपर्यंत तो अडून राहत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. जुन्या करारातला आमोस गुराखी होता, उंबराच्या जातीच्या फळांची निगा राखत होता. संदेष्ट्याच्या घराण्यातला नव्हता. बेथेलच्या याजकाने त्याला "आपल्या देशात जा आणि तिथे भाकर खा" असे सुनावले, तेव्हा त्याने आपले कूळ सांगितले नाही. परमेश्वराने मला कळपामागून घेतले, एवढेच तो म्हणाला.

धुऱ्यावरची_बाभूळ | मंगळवार, रात्री ९.००

थोडे माझ्याही शेतातले सांगतो. आज माझ्याकडे दुसरा वेचा सुरू झाला. वेचणीची मजुरी आमच्याकडे किलोवर असते. संध्याकाळी बाया ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून काट्यापाशी रांगेने बसतात, मी वजन करतो आणि माझी मुलगी वहीत लिहिते. जिने जास्त वेचला तिला जास्त पैसे, यात कोणाची तक्रार नसते. निंदणाचे तसे नसते, तिथे रोज ठरलेला असतो.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत मी लहानपणापासून ऐकतो आहे. मालक पहाटे जातो, मग नऊला, बाराला, तीनला आणि अगदी पाच वाजताही जातो, चौकात उभ्या असलेल्यांना कामावर लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दीनार देतो. आमच्या गावात असे कोणी केले तर दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी एकही बाई शेतात येणार नाही. आज काटा करताना मला वाटले की पाच वाजेपर्यंत चौकात उभे राहिलेले ते लोक आळशी नव्हते. "आम्हाला कोणी कामाला लावले नाही" असे ते स्वतः सांगतात. जो आमच्याकडे शेवटपर्यंत चौकात उरतो तो म्हातारा असतो, लंगडा असतो, नाहीतर ज्याच्याशी मुकादमाचे वाकडे असते तो असतो.

पाळकसाहेब, एक विचारायचे आहे. त्या दृष्टांतात आपण सांगितलेला तो 'कालेओ' शब्द कुठे आहे? मालक मजुरांना मळ्यात पाठवतो तिथे आहे का?

निवृत्त_पाळक | मंगळवार, रात्री १०.१५

आपल्या प्रश्नासाठी चष्मा लावून ग्रीक नवा करार काढला. नाही, तिथे नाही. मळ्यात पाठवताना रोजाने लावण्याचे, ठरवण्याचे क्रियापद आहे. 'कालेओ' आठव्या वचनात येते, जिथे संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो की मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे, शेवटच्यापासून सुरुवात कर.

हा दृष्टांत मी किती वेळा सांगितला असेल कोण जाणे. बोलावणे कामाच्या वेळी येते असे धरूनच मी तो सांगत आलो.

वाशीमची_सिस्टर | बुधवार, सकाळी ६.५०

मग आमच्या आजीला संध्याकाळी बोलावले असेल.

संत्राबाग | बुधवार, सकाळी ९.३०

गुरुजी, मार्काच्या पाचव्या अध्यायातला तो थडग्यांमध्ये राहणारा माणूस भावाला वाचायला द्यावा. बरा झाल्यावर तो येशूबरोबर तारवात चढू द्या म्हणून विनवणी करतो, आणि येशू त्याला येऊ देत नाही. घरी आपल्या माणसांकडे जा आणि काय झाले ते सांग, म्हणतो. कोळ्यांना जाळी सोडायला लावणारा आणि याला घरी धाडणारा एकच आहे. कोणाला काय सांगितले जाईल याचा नियम मला तरी सापडलेला नाही. माझ्या भावाला परत पाठवले गेले म्हणून आपल्या भावालाही पाठवतील, असा याचा अर्थ काढू नये.

बेंबळाकाठ | रविवार, रात्री ८.४५

आठवडाभर लिहिता आले नाही, वेचणी चालू होती. काय झाले ते सांगतो.

बुधवारी रात्री मी पत्नीला विचारले. ती म्हणाली की तीन दिवसांपासून ती याच प्रश्नाची वाट पाहत होती, आणि तिने बोटांवर मोजून दाखवले की भाऊ गेला तर कोणकोणती कामे तिच्याकडे येतील. ती नऊ निघाली. त्यांपैकी पाच मी करीन असे कबूल केले आहे. दोन कामांसाठी माणूस लावावा लागेल. राहिलेली दोन वडिलांच्या दवाखान्याची आहेत आणि ती तिने स्वतःहून घेतली, पण अट घातली की मंडळीपुढे हे सांगितले जावे, म्हणजे उद्या कोणी भावाच्या त्यागाची साक्ष देताना तिचे नाव गाळणार नाही. सिस्टरताई, हे आपल्यासाठी लिहिले.

आज आमचे पाळकसाहेब आले होते. उपासनेनंतर पंचांसमोर भावाला उभे केले. त्यांनी त्याला पाचारणाची हकिकत विचारली नाही. येत्या जूनपर्यंत, जे दोन रविवार ते येत नाहीत त्या रविवारी भावाने आमच्याकडे आणि पलीकडच्या वस्तीवर वचन वाचून त्याचा अर्थ सांगावा, आठवड्याला एक प्रकरण अभ्यासून ते दर महिन्याला त्यांना तोंडी सांगावे, आणि शेती सोडू नये, असे ठरले. शेवटच्या बाकावरची म्हातारी माणसे बसून राहतात का, हे पंच पाहतील. जूनमध्ये पंचांनी होकार दिला तर मंडळीच पत्र देईल आणि पहिल्या वर्षाचा अर्धा खर्च उचलेल. नाही दिला तर का नाही, ते भावाला तोंडावर सांगावे लागेल. हे शेवटचे कलम वडिलांनी घालायला लावले. एवढ्या दिवसांत या विषयावर ते पहिल्यांदाच बोलले.

भाऊ जरा नाराज आहे, कारण त्याला याच जूनला नक्की जायचे होते आणि आता ते पंचांच्या होकारावर अवलंबून आहे. उद्या तिसऱ्या वेच्याला सकाळी सातला बाया येणार आहेत आणि काट्याचा एक हूक तुटला आहे, म्हणून तो आत्ता शेजाऱ्यांकडे दुसरा काटा मागायला गेला आहे. पुढच्या रविवारी त्याला वाचायला दिलेला भाग आमोसाचा सातवा अध्याय आहे. निवृत्त पाळकसाहेब, सवड झाली तर 'उंबराच्या जातीच्या फळांची निगा' म्हणजे नेमके काय करीत असत ते थोडे लिहावे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना उंबर चांगला ठाऊक आहे, ते नक्की विचारतील.